कालपासून काय बदललं

पेणला रामवाडीत, हायवेच्या अंगाला, लॅपटॉप दुरुस्तीचं एक दुकान होतं. आता तिथे चष्मे मिळतात. त्या दुकानात मी सहा वर्षं काउंटरवर होते आणि त्यातली चार वर्षं माझ्या मागच्या टेबलावर काका बसायचे. काका म्हणजे माझे कोणी नात्यातले नव्हेत. सगळेच त्यांना काका म्हणत. आमचे मालक त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे होते, तेही काकाच म्हणत.

धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून उभं आयुष्य काढलं होतं. टाक्यांवरची प्रेशरची आणि तापमानाची घड्याळं बरोबर दाखवताहेत की नाही हे बघणं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर घरी करमेना म्हणून कुठूनसा एक कोर्स केला आणि रोह्याहून रोज एसटीने आमच्याकडे यायला लागले. पायात कंपनीचेच सेफ्टी बूट, खिशाला टेस्टर, आणि खांद्यावरून तिरकी घातलेली वीस-पंचवीस फूट निळी वायर. ही वायर म्हणजे राउटरपासून लॅपटॉपला थेट जोडायची केबल. बाजारात कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "काका, गाय न्यायला निघालात काय?" काकांनी शांतपणे "नाय, माझं काम वायफायचं," असं सांगितलं होतं. त्यांना चेष्टा कळत नसे असं नाही. चेष्टेला उत्तर द्यायचं असतं हे त्यांना मान्य नव्हतं.

गिऱ्हाईक आलं की बहुतेक एकच वाक्य बोलायचं : "कालपर्यंत चालत होतं हो." दुसरा कुणी असता तर "ठेवून जा, बघतो" म्हणाला असता. काका खुर्ची पुढे ओढायचे.

"बसा. काल चालत होतं ना? मग कालपास्नं आतापत्तूर काय काय झालं ते सांगा. सगळं सांगा. जेवणासकट."

लोक आधी गोंधळायचे, मग काही चिडायचे. धाटावचा एक तरुण इंजिनियर शिफ्ट सुटल्यावर बाइकवरून तडक आला होता. म्हणाला, "काका, वायफाय दिसतच नाही. फॉरमॅट मारून टाका, मला वेळ नाही." काकांनी त्याला जेवणासकट सगळं विचारलं. त्याने वैतागून सांगितलं की काल रात्री डब्यातली आमटी कीबोर्डवर सांडली होती, ती लगेच पुसली, ओलावा आत गेला नाही. काकांनी लॅपटॉप उघडला, वरच्या ओळीतलं विमानाचं चित्र असलेलं बटण एकदा दाबलं आणि परत दिला. पुसताना बोट त्या बटणावर पडलं होतं. विमान मोड लागला होता.

"विमानात बसलावतास," एवढंच काका म्हणाले.

तो गेल्यावर मी हसत होते. काका हसले नाहीत. त्यांनी वही काढली.

ही वही म्हणजे त्यांचं दुसरं वेड. कंपनीत पाळी संपताना पुढच्या पाळीच्या माणसासाठी नोंद लिहून ठेवायची पद्धत असते. आमच्या दुकानात पुढची पाळी नव्हतीच. सकाळी दहाला उघडायचं, संध्याकाळी सातला बंद. तरी निघायच्या आधी काका शंभर पानी वहीत लिहायचे : "सकाळच्या माणसास. खिडकीजवळच्या लॅपटॉपचा पंखा उघडा ठेवला आहे. गणपतीच्या कारखान्यातला आहे, आत शाडूची माती आहे. फुंकू नये, ब्रशने काढावी." आणि सकाळी आले की बूट न काढता आधी ती नोंद वाचायचे, मान हलवायचे आणि ब्रश शोधायचे. सकाळचा माणूस तेच.

एकदा मला चेष्टा सुचली. ते गेल्यावर मी त्यांच्या नोंदीखाली लिहिलं, "वाचले. दुसरी पाळी." सकाळी त्यांनी वही उघडली, बराच वेळ बघितलं. त्या दिवसापासून नोंदीच्या वर "दुसऱ्या पाळीस" असं लिहायला लागले आणि मीही रोज खाली सही करायला लागले. पुढे मला लॅपटॉप खोलता यायला लागला तो त्या वहीमुळे. मला कुणी समोर बसवून शिकवलं नाही.

"नाय जमणार" हे त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "अजून कळलेलं नाय." दोन-दोन आठवडे अजून कळलेलं नसायचं. मालक कपाळाला हात लावायचे. पण काकांचा नियम ठरलेला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग थांबायचं, बघायचं, लिहायचं, मगच दुसरी. मी एकदा एका हाताने लॅपटॉपमधला वायफायचा ड्रायव्हर प्रोग्राम काढत आणि दुसऱ्या हाताने राउटर बंद करत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं होतं. जोरात नाही, पण धरलं होतं. मला राग आला होता. दोन गोष्टी एकदम केल्या तर वेळ वाचतो, हे मला अगदी उघड वाटायचं.

घरी बोलावलं की काका जायचे, आणि गेले की त्या घराचीच चौकशी करायचे. गागोदे बुद्रुकला एका शिक्षकांकडे आतल्या खोलीत वायफाय येईना. पावसाळाभर येत होतं, दिवाळीनंतर गेलं. इंटरनेटवाला येऊन गेला, त्याच्या मते सगळं ठीक. काकांनी लॅपटॉपला हातही लावला नाही. शिक्षकांच्या आईला विचारलं, "आजी, दिवाळीनंतर घरात काय नवीन आलं?"

"काय येतंय? भात आलं," आजी म्हणाल्या.

"ठेवलंत कुठं?"

भात पत्र्याच्या दोन मोठ्या कोठ्यांत भरून ठेवलं होतं, आणि त्या कोठ्या बरोबर राउटर आणि आतल्या खोलीच्या मधे उभ्या होत्या. काकांनी स्टूल मागवलं, राउटर उचलून कोठीच्या डोक्यावर ठेवला आणि आतून शिक्षकांचा आवाज आला की आलं. निघताना आजींनी आम्हाला शेरभर वाल बांधून दिले. स्कूटरवर मागे बसून, वालाची पुरचुंडी मांडीवर धरून काका म्हणाले, "लिहून ठेवायला हवं. भात आलं, वायफाय गेलं."

पण काकांची आठवण म्हटली की मला हे सगळं नंतर आठवतं. आधी आठवते ती खाडीकाठच्या गावातली दुपार.

त्या गावातली एक बाई लॅपटॉप घेऊन आठवड्यात दोनदा आमच्याकडे आली होती. माझ्याच वयाची, तिशीची. नवरा आखातात, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला. घरी ती, तिची शाळकरी मुलगी आणि सासू. मी तिला भाभी म्हणायचे. तिची तक्रार एकच, घरी लॅपटॉपला वायफाय लागत नाही, पासवर्ड चुकीचा आहे म्हणतो. मी दोन्ही वेळा तिच्यासमोर दुकानातलं वायफाय जोडून दाखवलं. झटक्यात लागलं. मी म्हटलं, "भाभी, लॅपटॉप चांगला आहे. तुमचा इंटरनेटवाला बघा." इंटरनेटवाल्याने घरी येऊन सगळ्यांचे मोबाइल त्याच वायफायवर चालवून दाखवले आणि तो म्हणाला, "वायफाय चांगलं आहे, लॅपटॉपवाल्याला धरा."

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा लॅपटॉप आणला नव्हता. काउंटरला धरून उभी राहिली. काकांनी खुर्ची पुढे केली.

तिच्या सासूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बोलताही येत नव्हतं. सगळं हातांनी. मुलगा त्या हातांच्याच भाषेत वाढला होता आणि आखातात गेल्यापासून रोज तीन वाजता व्हिडिओवर आईशी हातांनी बोलायचा. आधी मोबाइलवर. मग म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मोबाइलवर तिला मुलाची बोटं दिसेनात, म्हणून त्याने मुद्दाम मोठ्या पडद्याचा लॅपटॉप पाठवला होता. त्यात मांडीचं हाड मोडून ती खाटेला खिळलेली. आता सहा दिवस लॅपटॉपवरचं ते बोलणं बंद.

"आम्ही मोबाइल दावतो तर हातानं ढकलते," भाभी म्हणाली. "तिला वाटतंय तो गेला. आम्ही लपवतोय असं वाटतंय तिला. कालपास्नं पाण्याचा घोट नाय घेतला काका. आणि आज चार वाजता त्यांना दुसऱ्या, लांबच्या प्लॅटफॉर्मवर नेतायत. तिथं नेट नाय. तीन महिने."

मी मधेच म्हटलं, "पण दुकानात तर दोन्ही वेळा लागलं होतं." माझं मलाच ते ऐकायला वाईट वाटलं.

"तू पण खरं बोलतेस, तो इंटरनेटवाला पण खरं बोलतोय," काका उठत म्हणाले. "दोघं खरं बोलत असतील तर तिथं जाऊनच बघायला हवं."

साडेबाराला आम्ही पोचलो. मिठागरांमधून जाणारा रस्ता, मग खाडीच्या बांधाला लागून घरं. मोबाइलला नावापुरती एक दांडी. खालच्या खोलीत खाटेवर भाभीच्या सासूबाई, अम्मा, बसल्या होत्या, पांढरी ओढणी, पाठीला दोन उशा. समोर स्टुलावर लॅपटॉप, एक वीतभर अंतरावर. काकांना बघून त्यांनी मान वळवून घेतली. खोटं सांगायला अजून दोन माणसं आली, असं त्यांना वाटलं असावं.

काकांनी खांद्यावरची वायर काढली. त्यांचं पहिलं काम नेहमी हेच. "हवेवरचं नंतर, आधी जमिनीवर चालतंय का बघू." पण लॅपटॉपचं वायर लावायचं भोक आतून मोडलेलं होतं. कुणीतरी कधीतरी तिथे चार्जर घुसवायचा प्रयत्न केला होता. काकांनी वायर परत गुंडाळली.

"जमिनीचा रस्ता बंद. आता सावकाशीनं जायचं," ते म्हणाले आणि भाभीला विचारायला लागले. सहा दिवसांपूर्वी काय बदललं? पासवर्ड बदलला होता. आजूबाजूची माणसं जुना पासवर्ड वापरत होती म्हणून इंटरनेटवाल्याने नवा घालून दिला होता, भाभीच्या मुलीचं नाव आणि पुढे गावाचं नाव. मोबाइलवर तो बरोबर चालत होता. लॅपटॉपवर भाभीने घातला, मी घातला, काकांनी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत घातला. पडद्यावर काळे ठिपके उमटायचे आणि खाली यायचं, पासवर्ड चुकीचा.

काका बाहेरून येणारी लाइन बघायला अंगणात गेले. दीड वाजला होता. अम्मा भिंतीकडे बघत होत्या. मला ते सहन होईना. राउटरच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं, ते दाबून धरलं की सगळं पुसून नव्यासारखं होतं. दुकानात मी हे कितीदा तरी केलं होतं. मी भाभीच्या ओढणीची पिन मागून घेतली आणि दाबून धरली.

दिवे विझले, परत लागले. एक सोडून. इंटरनेटचा दिवा लागला नाही. त्या राउटरमध्ये इंटरनेटवाल्याने आपलं नाव आणि परवलीचा शब्द घातलेला होता, तोही पुसला गेला होता. आता लॅपटॉपच काय, मोबाइलही चालेना.

काका दारात आले, राउटरकडे बघितलं, माझ्या हातातल्या पिनेकडे बघितलं.

"सगळं पुसलंस?"

मी मान हलवली. भाभीला आधी कळलं नाही, मग कळलं. ती आत गेली. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

इंटरनेटवाल्याला फोन लावला. तो पलीकडच्या गावात खांबावर होता. खाली उतरून, काम संपवून, तीनपर्यंत येतो म्हणाला. फोनवर परवलीचा शब्द सांगणार नाही, ऑफिसचा नियम आहे. काकांनी हुज्जत घातली नाही. मी म्हटलं, दुकानात जाऊन दुसरा लॅपटॉप घेऊन येते. ते म्हणाले, "इथं इंटरनेटच नाय, दुसरा आणून काय करशील? बस."

आम्ही ओसरीवर बसलो. काका मला ओरडले असते तर बरं झालं असतं. काका बराच वेळ बुटांची नाडी सोडून परत बांधत राहिले. मग बोलायला लागले. चार वर्षांत कंपनीबद्दल ते इतकं पहिल्यांदाच बोलले.

"आमच्याकडं एक टाकी होती. तिचं घड्याळ चुकीचं दाखवत होतं. मी आणि माझा जोडीदार दोघं लागलो. मी वरच्या मजल्यावर, तो खाली. मला वाटलं वरचा व्हॉल्व्ह बंद करावा. त्याला वाटलं खालचा उघडावा. दोघांनी एकदमच केलं. एकमेकांना सांगितलं नाय. घाई होती." त्यांनी नाडी ओढून घट्ट केली. "वाफ आली. त्याचा उजवा हात कोपरापत्तूर भाजला. चौकशी झाली. मी केलं ते बरोबर होतं असं निघालं. त्यानं केलं ते पण बरोबर होतं. कागदावर कुणाचीच चूक नाय."

"मग?"

"मग काय. हात गेला तो गेला. आमच्या पलीकडं अष्टमी गावात ऱ्हातो तो. बाजारात भेटला की डाव्या हातानं रामराम करतो. मला तेवढा पण नको वाटतो."

काका पुढे म्हणाले, "आणि एक सांगू? तिथं झाडायला एक बाई होती. ती आठ दिवस सांगत होती, तो पाइप येगळा वाजतो म्हणून. रोज तिथंच झाडू मारायची ती. आम्ही शिकलेली माणसं, तिला कोण विचारतंय."

खाडीवरून वारा येत होता. थोड्या वेळाने ते अचानक उठले आणि आत गेले. मी मागोमाग गेले. ते अम्मांच्या खाटेसमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते, बुटांसकट.

"भाभी," त्यांनी हाक मारली, "हिकडं या. यांना विचारा, या लॅपटॉपचं काय बदललं."

भाभी म्हणाली, "त्यांना काय ठाव असणार काका? त्या हात पण लावत नाय."

"लॅपटॉपसमोर सगळ्यात जास्त कोण बसतं घरात?"

भाभी थांबली. मग अम्मांच्या समोर गेली आणि हातांनी विचारलं. अम्मांनी आधी तिच्याकडे रोखून बघितलं. मग एकदम हात वर झाले. तीन बोटं दाखवली. मग दोन. दोनाचा हात खांद्यावरून मागे टाकला. मग पाच बोटं मिटून, फूल उमलावं तशी उघडली.

"ही खूण त्या सहा दिवस करतायत," भाभी म्हणाली. "मला वाटलं तीन वाजले, तीन वाजता फोन यायचा तो का येत नाय असं विचारतायत."

"आणि हे?" काकांनी बोटं मिटून उघडून दाखवली.

भाभीने तीच खूण स्वतःच्या हाताने करून बघितली. "हे म्हणजे दिवा."

अम्मांनी पुढे वाकून लॅपटॉपच्या कडेला बोट ठेवलं. तिथे तीन इवलेसे दिवे लागलेले होते. एक चालू असल्याचा, एक चार्जिंगचा. तिसऱ्यावर त्यांचं बोट होतं. ज्या डोळ्यांना मुलाची बोटं दिसत नव्हती त्या डोळ्यांना वीतभर अंतरावरून उजेडाचा एक ठिपका जास्त आहे हे दिसलं होतं. आधी दोन दिवे होते, आता तीन आहेत. एवढंच त्या सहा दिवस सगळ्यांना सांगत होत्या.

काका लॅपटॉपवर वाकले. मग कोरं पान उघडून त्यांनी त्यावर पासवर्ड लिहिला, ठिपक्यांमागे झाकलेला नाही, उघड्यावर. अक्षरांच्या मधेमधे आकडे उमटले. 'के' दाबलं की दोन, 'एल' दाबलं की तीन, 'यू' दाबलं की चार. तो दिवा नम लॉकचा होता. तो लागला की त्या लॅपटॉपवर उजव्या हाताची अक्षरं आकडे व्हायची. कीबोर्ड पुसताना केव्हातरी दाबलं गेलं असेल. घरात कुणी त्यावर काही लिहीतच नव्हतं, म्हणून कळलं नाही. आणि आमच्या दुकानातल्या वायफायचा पासवर्ड होता नुसत्या आकड्यांचा. म्हणून तिथे दोन्ही वेळा झटक्यात लागलं होतं आणि मी तिला दोन्ही वेळा परत पाठवलं होतं.

काकांनी एक बटण दाबलं. तिसरा दिवा विझला. अम्मांनी ते बघितलं आणि उशीला टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे नव्हता. अखेर कुणाला तरी कळलं, असा थकवा होता.

पण इंटरनेट नव्हतंच. ते मी घालवलं होतं. तीन वाजून गेले. सव्वातीनला भाभीच्या फोनवर एका दांडीवर नवऱ्याचा नुसता आवाज आला, तुटक तुटक. ती ओरडून सांगत होती, थांबा, चारपर्यंत थांबा. साडेतीनला इंटरनेटवाला बाइकवरून आला. माझ्याकडे न बघता त्याने राउटरमध्ये त्याचे शब्द घातले, वायफायचा पासवर्ड मुलीच्या नावाचाच ठेवला. काका म्हणाले, "आता कुणी कशाला हात लावू नका." भाभीने लॅपटॉपवर एकेक अक्षर दाबलं. लागलं.

पडद्यावर एक दाढीवाला माणूस आला, नारिंगी कपड्यांत, मागे पत्र्याची भिंत. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि थांबला. अम्मांनी हात वर केले नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या, मग पडद्यावरच्या त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. मग बोलायला लागल्या. इतक्या भराभर की भाभीलाही कळेना. तो हसत होता, डोळे पुसत होता, मधेच हात वर करून सावकाश, सावकाश म्हणत होता.

मी बघत उभी राहिले होते. काकांनी मला खूण करून अंगणात बोलावलं. ते दाराकडे पाठ करून उभे होते.

"दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये," ते म्हणाले.

"आवाज कुठे आहे काका?"

"बघितलं म्हंजे ऐकलंच की."

मग आम्ही दोघं दाराकडे पाठ करून खाडीकडे बघत उभे राहिलो, चार वाजेपर्यंत. चार वाजता आतून भाभीचा आवाज आला, ती मुलीला सांगत होती, "गो, दादीला पाणी आण. भाकरी पण आण." तेव्हा काका म्हणाले, "चल."

येताना स्कूटरवर मी माफी मागितली. रामवाडीला उतरताना काका म्हणाले, "तू पण चुकीचं नव्हतं केलंस. मला सांगितलं नव्हतंस, येवढंच."

नंतर वर्षभरात मालकांनी दुकान आवरलं. मी पेणमध्येच माझं छोटं दुकान टाकलं. काकांना मी बोलावलं होतं. ते म्हणाले, आता एसटीची पायरी चढवत नाय. दिवाळीला फोन करायचे. कसं चाललंय विचारायचे, आणि मी "बरं" म्हटलं की, "बरं म्हंजे काय, सगळं सांग," असं म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला नाही. मी केला तर तो काकूंनी उचलला. काका जाऊन महिना झाला होता. झोपेतच गेले.

मी रोह्याला गेले. चार वर्षांत त्यांच्या घरी मी एकदाही गेले नव्हते. दोन खोल्या, स्वच्छ, कोपऱ्यात बुटांचा जोड. काकू बारीक, गोऱ्या, फार न बोलणाऱ्या. मी म्हटलं, काका गेल्याचं कळलंच नाही. त्या म्हणाल्या, कुणाकुणाला कळवायचं तेच मला माहीत नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं यायला निघाले की शिट्टी वाजवायचे. मी म्हणायची, येवढं काय हाय तिथं? तर म्हणायचे, काय नाय, मशिनी. घरात ते बोलायचेच नाय. त्या जोडीदाराचा हात भाजला ना, तेव्हापास्नं. जेवायला वाढलं की जेवायचे. मी विचारलं तर हां, नाय तर नाय." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "तिथं बोलायचे काय हो?"

"खूप बोलायचे," मी म्हटलं.

"काय बोलायचे?"

मी सांगायला लागले. आमटीचं सांगितलं, विमानाचं सांगितलं. काकूंना आधी विश्वास बसेना. मग त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, हसताहसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुसत पुसत त्या म्हणायच्या, "असं म्हणाले? ते म्हणाले?" गागोद्याच्या कोठ्यांचं सांगितलं. माझी पेणची गाडी साडेचारची होती, ती गेली. पाचची पण गेली. खाडीकाठच्या गावाचं सांगायला मी सुरुवात केली, तेवढ्यात काकू उठल्या.

"च्या टाकते," त्या म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी गॅस पेटवला आणि तिथूनच हाक मारली. "थांबा हां. मी आल्याबिगर पुढचं सांगू नका."

सांगायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी थांबले.